वायर दिसता कामा नये

एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंत, म्हणजे न्यू जर्सीत जिथे जिथे चार मराठी घरं आणि वाणसामानाचं एक भारतीय दुकान आहे तिथे, हा गृहस्थ हमखास सापडतो. आमच्या मंडळात त्यांना सगळे नेटके म्हणतात. खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पासपोर्टवर आणि वर्गणीच्या पावतीवर उरलंय. वय पंचावन्नच्या पुढे, वायटूकेच्या लाटेत इथे आलेले. चंदेरी कॅम्री, खोचलेला शर्ट, खिशात एक पेन आणि पेनाएवढाच एक टॉर्च. गणपतीत आरती संपून पानं वाढली जात असतात, तेव्हा नेटके पार्किंगमध्ये हात पाठीमागे बांधून लोकांच्या गाड्यांत काचेतून डोकावत असतात. कोणी चोर समजू नये म्हणून गळ्यात स्वयंसेवकाचा बिल्ला असतो. चोरायचं काही नसतंच. कोणाच्या गाडीत वायर लोंबतेय, एवढंच बघायचं असतं.

वायर रडार डिटेक्टरची. देशातल्या वाचकांना हे प्रकरण थोडं समजावून सांगायला हवं. आपल्याकडे पुढे मामा उभे असले की समोरून येणारा ट्रकवाला दिवे मारून कळवतो. फुकट, आणि बंधुभावाने. अमेरिकेत या कामाचं यंत्र विकत मिळतं आणि बहुतेक राज्यांत खासगी गाडीत ते लावायला कायद्याची हरकत नाही. पोलीस रडारची बंदूक रोखतो, लहरी गाडीवर आपटून परत जातात आणि परतलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली यावरून गाडीचा वेग निघतो. बंदुकीला लहर जाऊन परत यावी लागते. डिटेक्टरला नुसती जातानाची पुरते. म्हणून मामांना आपण दिसण्याआधी आपल्याला मामा कळतात. १९७४ साली तेलटंचाईत निक्सनसाहेबांनी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा घातली, ट्रकवाले खवळले आणि या डब्यांचा धंदा फोफावला. ओहायोतल्या डेल स्मिथने ‘फझबस्टर’ आणला. मग त्याच राज्यात, सिनसिनाटीत, जिम जेगर आणि माइक व्हॅलेंटाइन या दोन इंजिनिअरांनी १९७८ मध्ये ‘एस्कॉर्ट’ काढला. पुढे व्हॅलेंटाइनने वेगळी चूल मांडली आणि १९९२ मध्ये रडार पुढून येतंय की मागून, हे बाणाने दाखवणारा डबा आणला. ५५ ची मर्यादा १९९५ मध्ये गेली, डबे राहिले. हा सगळा इतिहास नेटके कोणालाही, केव्हाही, न विचारता सांगतात.

एवढं ऐकल्यावर वाटेल की हा माणूस गाडी पळवत असणार. छे. नेटके ६५ च्या रस्त्यावर ६४ ने जातात. त्यांनी जन्मात कधी वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केलेलं नाही, आणि टॅक्स भरल्यावर तो पोचला का म्हणून फोन करणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. पण मध्यमवर्गीय मराठी माणसाला आयुष्यात एखादं बंड करायचं असतंच. ते पावतीसकट, वॉरंटीसकट आणि कायद्याचं कलम वाचून झाल्यावर करता आलं तर सोन्याहून पिवळं. नेटक्यांचं बंड त्यांच्या आरशामागे बसवलेलं आहे, आणि ते पाणसळ लावून बसवलेलं आहे.

यंदाच्या गणपतीत त्यांना एका नव्याने आलेल्या पोराची गाडी सापडली. डिटेक्टर काचेला रबरी वाट्यांनी चिकटवलेला आणि तिथून ती गुंडाळीची वायर रेडिओवरून, एसीच्या बटणांवरून लोंबत सिगारेट लायटरच्या भोकात गेलेली. नेटके आत आले ते चेहरा पाडूनच. पानात पुरणपोळी होती, तिच्यावर तूप होतं, आणि ते गार होईपर्यंत नेटक्यांनी पोळीला हात लावला नाही. शेवटी त्या पोराला गाठलंच.

“अरे, ती वायर तुझीच ना?”

“हो काका. का? चालतंय की.”

“चालायचं काय? डोंबिवलीला आमच्याकडे प्लगमध्ये काडेपेटीच्या काड्या खोचून रेडिओ चालायचा. शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये.”

वहिनींचं म्हणणं असं, की ह्यांचं सगळं मूळ त्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आहे. एकच प्लग, आणि तिथून खिळ्याखिळ्यांवरून फिरवलेली वायर सगळ्या घराला वीज देणार. वहिनींच्या म्हणण्याला मान देऊनही मला हे पटत नाही. तशा खोल्यांत अर्धं मंडळ वाढलंय, आणि त्यांच्या टीव्हीमागे आजही अजगर पडलेले असतात.

शनिवारी मी मुद्दाम बघायला गेलो. ड्राइव्ह वेमध्ये चटई, चटईवर स्टीलचं ताट आणि ताटात मल्टिमीटर, कापडी चिकटपट्टी, झिप टाय, फ्यूजमधून जोड काढायचा चिमुकला तुकडा, प्लास्टिकची पट्टी आणि मुदत संपलेलं एक क्रेडिट कार्ड. वहिनींनी चहा आणला तर ताट हलवायचं नाही म्हणून कप बॉनेटवर ठेवावे लागले.

पहिल्यांदा रबरी वाट्या गेल्या. वाट्यांबद्दल नेटक्यांचं मत वाईट आहे: जुलैच्या उन्हात त्या सुटतात, जानेवारीच्या थंडीत सुटतात, आणि पुढच्या सीटवर सासरची माणसं असली की हटकून सुटतात. त्याऐवजी आरशाच्या दांड्याला पकडणारा धातूचा कंस. डिटेक्टर आरशाच्या खालच्या कडेला, रस्ता सरळ दिसेल असा आणि मागच्या काचेतूनही थोडं दिसेल असा. मोबाइलमध्ये पाणसळ असते, पण तिच्यावर नेटक्यांचा विश्वास नाही. त्यांनी बोटाएवढी खरी पाणसळ डब्यावर ठेवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत कंसाचा स्क्रू फिरवला, गाडीतून उतरून लांबून पाहिलं, परत आत गेले आणि केसभर आणखी फिरवला. डब्याचं तोंड आभाळाकडे राहिलं तर त्याला विमानं दिसतील, मामा नाही, हे त्यांनी पोराला बजावलं.

पोरगा म्हणाला, “काका, आरशाच्याच वायरीतून वीज घ्यायची तयार केबल मिळते. पंधरा मिनिटांचं काम.”

नेटके थांबले. “त्याला आमच्याकडे आकडा टाकणं म्हणतात,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

वायर आरशाच्या पायथ्यापासून वर, छताच्या अस्तराच्या कडेत. इथे ते क्रेडिट कार्ड. घाईच्या वेळी सराईत बाई साडीच्या निऱ्या खोचते, तशी नेटके कार्डाच्या कोपऱ्याने वायर अस्तरात सारत गेले: न बघता, एका लयीत, कुठे फुगवटा नाही. एरवी हात चालू असताना ते अखंड बोलतात. काचेच्या कडेच्या खांबापाशी मात्र एकदम गप्प झाले. त्या खांबाच्या प्लास्टिकच्या आवरणाखाली, वरच्या बाजूला पडद्याची एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. वायर तिच्यावरून नेली तर अपघातात एअरबॅग उघडताना अडकणार, नाहीतर वायरच तोंडावर येणार. नेटक्यांनी आवरण सोडवलं, वायर एअरबॅगच्या मागून नेली, गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याला बांधली आणि झिप टायचं टोक कापून खिशात टाकलं. कापलेली टोकं ते दुसऱ्याच्या गाडीत ठेवत नाहीत. हातातल्या कामावर एवढी श्रद्धा असलेली माणसं देवळातही फारशी पाहिलेली नाहीत, हे माझं आपलं मत.

मग ते डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणे पडले, पाय गाडीबाहेर. फ्यूज बॉक्समधल्या फ्यूजांना मीटरची पिन लावून आतून ओरडायला लागले: “किल्ली फिरव! आता बंद कर!” चालू असताना बारा व्होल्ट आणि बंद केल्यावर शून्य, असा फ्यूज हवा. गाडी बंद असतानाही ज्यात वीज असते तो निवडला तर डिटेक्टर गॅरेजमध्ये रात्रभर पहारा देणार आणि सकाळी बॅटरीने मान टाकलेली असणार. फ्यूज सापडला, जोड बसला, दुसरं टोक पत्र्याच्या बोल्टखाली गेलं. वायर आत कुठे खडखडू नये म्हणून तिला कापडी पट्टी गुंडाळून झाली होतीच. मग नेटक्यांनी पोराला सीटवर बसवलं, आपला पेनाएवढा टॉर्च त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, “शोध.”

पोरगा बराच वेळ शोधत होता. नेटक्यांचा चेहरा त्या वेळी जसा होता, तसा तो मुलीच्या पदवीदानालाही नव्हता, असं वहिनी म्हणाल्या.

एवढ्या निगुतीने बसवलेलं यंत्र रोजच्या वापरात काय करतं? बहुतेक वेळ खोटं बोलतं. दुकानांची आपोआप उघडणारी दारं रडारवरच चालतात, तीही पोलिसांच्या जवळपासच्याच पट्ट्यात. शेजारून जाणाऱ्या गाडीतलं, बाजूला कोण आहे हे बघणारं रडारही बऱ्याचदा २४ गिगाहर्ट्झवर असतं. त्यामुळे औषधाच्या दुकानावरून जाताना नेटक्यांचा डबा किंचाळतो, नेटके ६४ वरून ५८ वर येतात आणि मागचा माणूस हॉर्न मारतो. लेझरच्या बंदुकीची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा झोत इतका अरुंद, की डबा ओरडेपर्यंत बहुधा वेग मोजून झालेला असतो. तरी नेटके लेझरची सूचना बंद करत नाहीत. “निकाल काय लागला ते कळायला नको?”

खरी परीक्षा व्हर्जिनियाला जाताना. वहिनींचे भाऊ अ‍ॅशबर्नला राहतात, आणि अख्ख्या अमेरिकेत डिटेक्टरवर बंदी घालणारं राज्य तेवढं एकच, शिवाय वॉशिंग्टन शहर. तिथल्या पोलिसांकडे डिटेक्टर पकडणारं यंत्र असतं, कारण डिटेक्टरही ऐकता ऐकता स्वतःचा बारीकसा आवाज हवेत सोडतो. आणि हे पकडणारं यंत्र जवळ आलं की ओळखणारे डिटेक्टरही निघाले आहेत. नेटके या भानगडीत पडत नाहीत. त्यांनी कलम वाचलंय. यंत्राला वीज नसेल आणि ते ड्रायव्हरच्या किंवा बरोबरच्या माणसाच्या हाताशी नसेल, तर गुन्हा नाही. म्हणून मेरीलँडमधल्या विश्रांतीच्या थांब्यावर, पोटोमॅक नदी, म्हणजे व्हर्जिनियाची हद्द, अजून तासाभराहून जास्त लांब असताना, नेटके गाडी उभी करतात, डबा कंसातून काढतात, पिशवीत घालतात, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा डिकीत सगळ्यात खाली, भावासाठी नेलेल्या सामानाच्या तळाशी. हाताशी नाही म्हणजे नाही. तो स्टीलचा डबा चकल्यांचा असतो. डिटेक्टरला आता कायमचा भाजणीचा वास येतो, आणि भावाकडे पोचल्यावर चकल्या आधी बाहेर काढाव्यात की यंत्र, यावर दर वेळी नवरा-बायकोचं वाजतं. वायरीचं मोकळं टोक आरशामागे एका छोट्या खोबणीत जातं. तीही नेटक्यांनी बसवलेली आहे. तीही दिसत नाही.

मागच्या हिवाळ्यात मात्र टर्नपाइकवर त्यांना मामांनी थांबवलंच. सगळ्यात डाव्या लेनमध्ये, अर्थात ६४ ने. नेटके डावी लेन सोडत नाहीत, कारण तिथे पुढे ट्रक आडवे येत नाहीत आणि डब्याला लांबवर मोकळं दिसतं. डब्याने आधी सांगितलंही होतं, बाण पुढचा होता, आणि नेटक्यांनी अभिमानाने वहिनींना सांगितलं होतं: “बघ, पुढच्या पुलाखाली मामा आहेत.” मामा होतेच. ओव्हरटेक न करता डावी लेन अडवून ठेवणं हा न्यू जर्सीत दंडाचा गुन्हा आहे. मागे गाड्यांची वरात लागली होती.

मामांनी कागद पाहिले, तिकीट फाडलं, आणि मग त्यांची नजर आरशामागे गेली. थोडं वाकून त्यांनी काच बघितली, खांब बघितला, डॅशबोर्ड बघितला.

“याला वीज कुठून मिळते?” मामांनी विचारलं.

पुढची हकिकत वहिनींच्या तोंडून. “दंडाचं नाव नाही हो! ह्यांनी त्याला विचारून, रीतसर परवानगी काढून, दार उघडलं, फ्यूज बॉक्स उघडला आणि कुठला फ्यूज, कुठला बोल्ट, एअरबॅगच्या मागून कसं, सगळं दाखवलं. त्याच्या घरी पिकअप आहे म्हणे, त्यातही वायर लोंबतेय. मागे दिवे चमकतायत, येणारे-जाणारे बघतायत, आपल्या ओळखीचं कोणी गेलं असेल तर काय वाटलं असेल! शेवटी मी काच खाली केली आणि म्हटलं, अहो, त्याला शनिवारी बोलवा.”