नाडीवरचा स्वेटर

आमच्या गल्लीत कोणाचं कोणाशी किती बरं आहे, हे कळायला ओट्यावर बसून कान टवकारावे लागत नाहीत. आक्काच्या घरी जायचं आणि खुंट्यांवरच्या पिशव्यांत डोकावायचं. ज्याचं विणकाम सुयांवर आहे त्याचे दिवस बरे चाललेत. ज्याचं नाडीवर गेलं त्यानं काय ते समजावं. आणि ज्याच्या विणकामाचा पुन्हा गुंडा झाला, त्यानं महिनाभर पलीकडच्या गल्लीतून ये-जा करावी हे उत्तम.

नाडीचं प्रकरण नवख्याला समजावून सांगायला हवं. आक्काकडे सुया साडेपाच जोड. अर्ध्या जोडीचा खुलासा पुढे येईल. विणकामं मात्र अकराच्या खाली उतरलेली मी कधी पाहिली नाहीत. तेव्हा नवं काही सुरू करायचं तर जुन्यातली सुई काढून घेणं आलं. पण सुई ओढली की टाके उघडे पडतात आणि एक निसटला तर थेट खालपर्यंत शिडी लागते. म्हणून आक्का सेफ्टी पिनेत परकराची नाडी ओवते, सगळे टाके तिच्यावर उतरवून घेते आणि दोन्ही टोकांना गाठ मारते. मग तो स्वेटर खुंटीवर जातो. त्याला विणकाम थांबलं असं म्हणायचं नाही. त्याला म्हणायचं, नाडीवर आहे.

माझा स्वेटर 1994 पासून कधी सुईवर, बहुतेकदा नाडीवर होता. तेव्हा मी सातवीत होतो.

आक्का आमची नात्यानं कोणी नाही, पण दोन भिंती एकच असल्यामुळे ती साऱ्यांची आक्का. वय साठीच्या पुढे, चष्मा कपाळावर, पदर कमरेला आणि काखेत लोकरीचा गुंडा. दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब लिहिते. घरी निवृत्त अण्णा, मुलगा, सून, दोन नातवंडं. स्वयंपाकात ती सुनेला एक भाजी करून देते आणि ती भाजी करपते, कारण फोडणी बसेपर्यंत ‘एवढी एक सुई’ संपवायची असते. विणणाऱ्या बायका ओळीलाच सुई म्हणतात: पहिली सुई सुलट, दुसरी सुई उलट. त्यामुळे ‘एक सुई’ म्हणजे आक्काच्या लेखी क्षणभर आणि आमच्या लेखी पाऊण तास.

ती एकच विणकाम घेऊन बसली आहे असं होत नाही, कारण प्रत्येक कामाची जागा ठरलेली आहे. गॅसपुढे पायमोजे. टीव्हीपुढे मफलर, कारण त्यात डोकं लागत नाही आणि मालिकेतही लागत नाही. दवाखान्यात भेटायला जाताना शाल. रोग्याजवळ बसायचं आणि डॉक्टर येईपर्यंत चार सुया काढायच्या. त्यामुळे गल्लीत बराच काळ कोणी आजारी पडलं नाही तर ती शाल मागे पडते आणि आक्का काळजीनं एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत राहते.

रेल्वेचं विणकाम वेगळं. आक्काचं माहेर अमळनेर. भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसली की तिला घड्याळ लागत नाही. शिंदखेडा येईपर्यंत दहा सुया, नरडाण्याला सोळा, बेटावद गेलं की गुंडा आवरायचा. पूर्वी ही लाईन एकेरी होती, तेव्हा नरडाण्याला हमखास क्रॉसिंग लागायचं. समोरून गाडी येईपर्यंत अर्धा तास डबा उभा, लोक रेल्वेला शिव्या घालताहेत आणि आक्का बाहीची गोलाई सुखानं उतरवते आहे. आता उधना ते जळगाव दुहेरी रूळ झाले. गाड्या थांबेनात. सारा खानदेश खूश झाला. आक्का म्हणते, या दुहेरीकरणानं तिच्या भावाच्या स्वेटरचं वाटोळं केलं.

पण तिची खरी विणकामं होतात ती यार्डात. दोंडाईच्याची बाजारपेठ मिरचीसाठी नावाजलेली. हिवाळा आला की लाल मिरचीचे ढीग पडतात आणि दुकानात शिरणारा माणूस आधी शिंकतो, मग नमस्कार करतो. दोन ढिगांच्या लिलावामध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात आक्का शेतकऱ्याची हिशेबपट्टीही लिहिते आणि साबुदाण्याच्या विणीच्या दोन सुयाही काढते. साबुदाणा म्हणजे एक सुलट, एक उलट, आणि पुढच्या सुईला सुलटावर उलट. मोजणीत चूक चालत नाही. म्हणून हिशेब आणि टाके असे दोन्ही आकडे ती पुटपुटत असते. एकदा एका शेतकऱ्याच्या पट्टीवर चुकून ‘सुलट 2’ लिहिलं गेलं होतं. त्यानं बिचाऱ्यानं ही कसली नवी कपात म्हणून विचारलं.

यार्डात बसूनच तिनं सुरतच्या नातवासाठी टोपडं विणलं. गुलाबी, कानांवर येणारं, खाली बंद. सुरतच्या पोरानं ते घातलं आणि दिवसभर शिंकला. दुसऱ्या दिवशीही. आईबापानं धावत डॉक्टर गाठला, डॉक्टरनं ॲलर्जी सांगितली, औषधं झाली. शेवटी कोणीतरी टोपडं धुवायला टाकलं तर बादलीतलं पाणी तांबडं झालं आणि धुणारीचे हात झोंबले. फोन आला तेव्हा आक्का अजिबात ओशाळली नाही. म्हणाली, “बरं झालं. दृष्ट काढायला निराळ्या मिरच्या लागल्या नाहीत.”

कपाशीच्या मुलखात लोकरीचं वेड कुठून आलं, हे मी तिला विचारलं होतं. तिनं उत्तर न देता ट्रंक उघडली. आत, डांबरगोळ्यांच्या वासात, एक खाकी स्वेटर होता. पाठ पूर्ण, पुढचा भाग पूर्ण, उजवी बाही पूर्ण. डावी बाही कोपरापर्यंत, आणि तिथून पुढे नाडी.

1962 साली चीननं हल्ला केला तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. आक्काच्या आईनंही अमळनेरात खाकी लोकर आणली. युद्ध सुरू झालं 20 ऑक्टोबरला, युद्धबंदी झाली 21 नोव्हेंबरला. महिन्याभरात आईची बाही राहिली. एका बाहीच्या स्वेटरसाठी जवान कुठून आणायचा, म्हणून तो नाडीवर गेला. 1965 ला आईनं पुन्हा सुई घातली. बाही तीन बोटं वाढली आणि 23 सप्टेंबरला ते युद्धही थांबलं. 1971 ला तर माउलीला सुया शोधायलाच आठ दिवस लागले आणि लढाई तेरा दिवसांत आटोपली. पुढे स्वेटर लेकीकडे आला. 1999 ला कारगिलच्या बातम्या ऐकून आक्कानं तो काढला, तर खाकीचा तो रंग मिळेना. धुळ्याचा आग्रा रोड पालथा घालून जरा हिरवट लोकर आणेपर्यंत 26 जुलै उजाडला.

“आपली युद्धं लवकर आटपतात,” आक्का स्वेटरची घडी घालत म्हणाली, “हे देशाचं नशीब. बाहीचं नाही.”

हा स्वेटर पाहिल्यावर आपला नाडीवर आहे याचं मला दुःख उरलं नाही.

घरात अण्णांची मात्र कुचंबणा आहे. ते स्टार्चच्या कारखान्यातून निवृत्त झाले. त्यांचं म्हणणं, कारखान्यात एका दारानं मका आत गेला की दुसऱ्या दारानं स्टार्च बाहेर पडायचंच. या घरात लोकर आत जाते, पण बाहेर काही पडत नाही. आठ नंबरच्या सुईची जोड मोडली तीही त्यांच्यामुळेच. एका रविवारी भरीत करायचं ठरलं आणि वांगी भाजायच्या आधी टोचे मारायला अण्णांनी हाताला लागली ती सुई घेतली. सुई वांग्यातच राहिली आणि वांग्याबरोबर काट्याकुट्यांच्या जाळावर गेली. भरीत चांगलं झालं होतं. पण त्या दिवसापासून अण्णांचा बिनबाह्यांचा स्वेटर नाडीवर आहे आणि मंकी कॅप घालून ते हिवाळे काढतात.

ही कुचंबणा एकट्या अण्णांची नाही. आमच्याकडे थंडी दोन महिन्यांची. धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याची बातमी येते तेव्हा साऱ्यांना आपापल्या स्वेटरची आठवण होते आणि एकाच आठवड्यात अकरा माणसं आक्काच्या दारात उभी राहतात. आक्का प्रत्येकाला तेच सांगते: “व्हई जाई. घाई कसाले?” मग संक्रांत होते, ऊन चढतं आणि अकराही जण स्वेटर विसरून कूलरच्या गवताच्या चौकशीला लागतात. मोठ्या गावांत तिबेटी लोक स्वेटरची दुकानं मांडतात, तिथं आक्का जाते. स्वेटर उलटा करून आतली बाजू बघते, “मशीनचा आहे,” असं दुकानदाराला सहानुभूतीनं सांगते आणि डिझाइन डोक्यात घेऊन परत येते. म्हणजे बारावं विणकाम. एकदा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेलो होतो. लोक घोड्यांची चाल बघत होते, भाव विचारत होते. आक्का एका पांढऱ्या घोड्याभोवती दोन चकरा मारून मला म्हणाली, “पोटावर चारशे टाके तरी लागतील ना रे?” मी तिला भेळ घेऊन दिली आणि विषय बदलला.

आमच्याकडे कानबाई या देवीच्या उत्सवाच्या रात्री जागरण असतं. बायका गाणी म्हणतात, आक्का तोंडानं गाते आणि हातानं विणते. त्या रात्री नवं काही सुरू करणार नाही, असा शब्द तिनं कानबाईपुढे दिलेला आहे. तो ती पाळते. रोट खाऊन झाल्यावर सुरू करते.

चेन्नईत 2016 साली ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या बायकांच्या गटानं मिळून 11,148 चौरस मीटरची क्रोशाची चादर केली आणि गिनीज बुकात नाव घातलं. मी हे तिला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. “इतक्या बायका,” ती म्हणाली, “आणि सगळ्यांचं काम एकच? कंटाळल्या नाहीत?”

तर माझा स्वेटर. 1994 ला तो सुरू करताना आक्कानं ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून इतके टाके घातले, की तेव्हा तो माझ्या वडिलांना झाला असता. मग माझ्या क्रिकेटच्या चेंडूनं तिच्या दारातली तुळस मोडली आणि सुई गेली. दहावी पास झालो तेव्हा परत आली, चार बोटं स्वेटर वाढला. पुण्याला नोकरीला गेलो आणि दोन वर्षं दिवाळीला आलो नाही, नाडी. लग्नात तिला मानाची साडी चांगली घेतली, सुई. दर वेळी लोकर नव्यानं आणावी लागे आणि लॉट नंबर जुळत नसे. त्यामुळे तो खाली कॉफीच्या रंगाचा, मध्ये जरा उदी आणि वर चक्क विटकरी झाला होता. माझी कोणकोणती वर्षं आक्काशी गोडीत गेली, ते त्यावरून कोणालाही वाचता आलं असतं.

गेल्या फाल्गुनात मी तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला गाडीनं नेलं-आणलं. पट्टी निघाली, महिनाभर विणायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून तिनं पंधरा दिवस दम धरला. सोळाव्या दिवशी दहा नंबरची सुई जावयाच्या स्वेटरमधून निघून माझ्यात आली. जावयानं काय केलं होतं ते मी विचारलं नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिनं बोलावणं पाठवलं. बाहेर त्रेचाळीस अंश, आत पुरणाचा नि आमरसाचा वास, लिंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरींची गाणी. पलंगावर स्वेटर पसरलेला. दोन्ही बाह्या, गळा, सगळं पूर्ण. अण्णा भिंतीला टेकून बघत होते. या घरातून काही बाहेर पडताना ते बहुधा पहिल्यांदाच पाहत होते. मला खरंच भरून आलं. मी शर्टावरून तो चढवला. पोटावर जरा घट्ट, बाकी बरोबर. दोन मिनिटांत पाठीवरून घाम ओघळायला लागला, पण मी ताठ उभा.

आक्कानं नव्या डोळ्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वाकली. खालच्या पट्टीच्या वर, कॉफीच्या रंगात, 1994 च्या जागी तिचं बोट थांबलं.

“साबुदाणा चुकलाय,” ती म्हणाली.

“कुठे? कोणाला दिसतंय, आक्का? तीस वर्षं झाली त्याला!”

“माले दिसस ना आते.”

तिनं गळ्याशी टोक शोधलं आणि हलकेच ओढलं. सरसर करत विटकरी रंग निघायला लागला. अण्णा उठून आमरस खायला आत गेले. आक्काच्या चेहऱ्यावर असा आनंद मी तिच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. अर्ध्या तासानं मी बनियनवर खुर्चीत बसलो होतो, दोन्ही हात समोर धरून, मनगटांभोवती लोकरीची लड, आणि समोर आक्का गुंडा करत होती.

“आक्का, म्हणजे मी आता कुठे? नाडीवर की गुंड्यात?”

“हात वर धर,” ती म्हणाली. “लोंबी ऱ्हायनी.”