143 वर्षांची मीटिंग

मुलगी रेगेन्सबुर्गला नोकरी करते म्हटलं की लोक कौतुकानं बघतात. मी मालेगावचा म्हटलं की विचारतात, ‘नाशिकचं ना?’ नाही हो, वाशीमचं. अशा कायम खुलासा करावा लागणाऱ्या गावचा मी निवृत्त मास्तर. डॅन्यूबकाठच्या त्या शहराच्या जुन्या राटहाउसपुढे, म्हणजे नगरपालिकेपुढे, जरा दबूनच उभा होतो. दारावर दगडाचे दोन शिपाई वाकून बघत होते, एकाच्या हातात धोंडा. भिंतीवर शहराची मापं लोखंडात ठोकलेली : पाऊल, हात, वाव. कापडवाल्यानं मापात मारलं की इथंच मोजून बघायचं. आत जायचं ते गाइडबरोबर, तेही ठरल्या मिनिटाला.

वरचा दरबार हॉल चौदाव्या शतकातला. 1663 मध्ये इथं पवित्र रोमन साम्राज्याची सभा भरली. विषय, तुर्कांविरुद्ध मदत. ती सभा चालली 1806 पर्यंत. एकच सभा. 143 वर्षं! संपली तीही विषय संपले म्हणून नव्हे, साम्राज्यच संपलं म्हणून.

हे ऐकलं आणि माझं दडपण उतरलं. ही तर आपलीच माणसं निघाली! सम्राटाची जागा सगळ्यात उंच, त्याखाली त्याला निवडणारे, त्याखाली राजेरजवाडे, आणि शहरांचे प्रतिनिधी थेट जमिनीच्या पातळीवर. पुढं पुढं सम्राट स्वतः येईनासाच झाला, प्रतिनिधी धाडू लागला. साहेब दौऱ्यावर असतात, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

खाली तळघरात छळाची कोठडी. तिथं लाकडाचं धारदार पाठीचं गाढव होतं, आरोपीला त्यावर बसवत. सौ. म्हणाली, ‘‘चला बाई वर, मले घाबरल्यावाणी होते.’’

बाहेर पडल्यावर मुलीनं जवळच्याच गल्लीतलं एक घर दाखवलं. ‘‘बाबा, इथं केपलर वारला.’’ ग्रहांच्या कक्षा मांडणारा केपलर! मी टोपी काढली. तो इथं कशाला आला होता?

‘‘सरकारकडचे थकलेले पैसे मागायला.’’

माझ्या पोटात कालवलं. वेतन आयोगाच्या फरकाचा माझा एक हप्ता कुठल्याशा टेबलावर अजून विश्रांती घेतोय. केपलर घोड्यावरून आला, थंडीनं आजारी पडला आणि काही दिवसांत गेला. पैसे राहिलेच.

‘‘कोणत्या महिन्यात गेला गं?’’ सौ.नं विचारलं.

‘‘15 नोव्हेंबर, 1630.’’

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. सौ.नं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘आपण ऑक्टोबरातच वापस जाऊ. तिकीट बदलता येते काय, पाह्य बरं.’’