महाची स्वस्ताई

आमच्या भागात हल्ली साधं असं काही होतच नाही. रक्त द्यायचं तर महारक्तदान शिबिरात, डोळे तपासायचे तर महाआरोग्य शिबिरात. नवरात्रात बायका हत्तीभोवती फेर धरतात तो महाभोंडला, संक्रांतीनंतर वाण लुटतात ते महाहळदीकुंकू. त्यात पैठणीचा लकी ड्रॉ असला की झालाच तो महासोहळा. नोकरी लागो न लागो, मेळावा मात्र महारोजगार मेळावाच. आणि साड्यांच्या दुकानात नुसता 'सेल' लिहिला तर गिऱ्हाईक बाहेरूनच विचारतं, "अजून सुरू नाही का झाला?"

कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवाल्याला मी एकदा विचारलं, "बाबा रे, 'महा' लिहायचे वेगळे पैसे घेतोस का?"

"नाही हो काका. रेट स्क्वेअर फुटावर. अक्षरं कितीही टाका."

महागाईच्या दिवसांत 'महा' एवढा स्वस्त का, याचं उत्तर मिळालं. पुढचं त्यानेच सांगितलं. नुसतं 'शिबिर' छापलं तर कार्यकर्ते प्रूफ परत पाठवतात. म्हणतात, काहीतरी राहिलंय. मांडववाल्याची वही मात्र जमिनीवर असते. मेळावा असो, महामेळावा असो की विराट महामेळावा, तिच्यात खुर्च्या दोनशेच. महामेळाव्याला त्या जरा लांब लांब मांडतात, इतकंच.

जुन्या पंडितांना हा धोका माहीत होता. शंख, तेल, मांस, वैद्य, ज्योतिषी, ब्राह्मण, यात्रा, वाट आणि झोप, एवढ्यांना 'महा' लावू नये, असा संस्कृतात एक श्लोकच आहे. लावला की अर्थ फिरतो. महायात्रा म्हणजे शेवटची यात्रा, महानिद्रा म्हणजे जिच्यातून कुणी उठत नाही ती झोप. महामांस म्हणजे माणसाचं मांस. महाब्राह्मण म्हणजे मेलेल्याच्या नावाचं दान घेणारा. पण आमच्या जाहिरातवाल्यांचा उत्साह पाहता, एखादी सहल कंपनी 'ज्येष्ठांसाठी खास चारधाम महायात्रा' काढेल आणि एखादा गादीवाला 'महानिद्रा ऑफर' लावेल, तो दिवस फार लांब नाही. दोघांनी एकमेकांची कूपनं वाटली तर गिऱ्हाइकाची पूर्ण सोय होईल.

बोलीभाषा या बाबतीत पंडितांपेक्षाही पक्की. घराघरांत 'महा' वापरला जातो तो इरसालांसाठी. महाचालू, महालबाड, महाबिलंदर, महाकंजूष. 'महासज्जन' म्हटलं तर ऐकणारा आधी खिसा चाचपतो. एके काळी पत्राच्या मायन्यात मानाने बसणारे 'महाशय' आता रात्री उशिरा घरी येणाऱ्या नवऱ्याच्या स्वागतापुरते उरलेत. 'महाभाग' तर कुणाचं नाव घ्यायची लाज वाटली की वापरतात.

या सगळ्यात सरकारचा वाटा केवढा, हेही सांगायला हवं. 2005 साली राज्य विद्युत मंडळाची फोड झाली आणि महानिर्मिती, महापारेषण, महावितरण अशी नावं कानावर पडू लागली. हा 'महा' महाराष्ट्राचा, थोरवीचा नव्हे. पण ऐन परीक्षेच्या हंगामात दिवे गेल्यावर मेणबत्ती शोधणाऱ्या बापाला हा भेद कोण समजावणार? पुढे महारेरा आला, महामेट्रो आली, महाआयटी आणि महाडीबीटी आले. आता मंत्रालयात नव्या योजनेचं बारसं असलं की निम्मं नाव आधीच तयार असतं, उरलेल्या निम्म्यासाठी समिती नेमतात.

राजकारणात तर या अक्षरांनी कहरच केला. 1995 साली राज्यात युतीचं सरकार आलं, 1999 साली आघाडीचं. नुसती युती, नुसती आघाडी. त्यांच्या काळात भांडणं कमी होती असं नाही, पण नावात तरी काटकसर होती. मग युतीची महायुती झाली, आघाडीची महाविकास आघाडी झाली, आणि 2024 च्या विधानसभेला मतदाराने बटण कोणतंही दाबलं तरी सरकार 'महा'च येणार होतं. गावपातळीवर हेच महामित्र एकमेकांविरुद्ध अर्ज भरतात, तेव्हा तिला मैत्रीपूर्ण लढत म्हणतात. महामैत्रीपूर्ण अजून कुणी म्हटलेलं नाही, ही जागा रिकामी आहे.

पूर्वी हा शब्द मिळवायला वेळ लागायचा. जोतीराव फुल्यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, 1873 साली सत्यशोधक समाज स्थापला, आणि लोकांनी त्यांना 'महात्मा' म्हटलं ते 1888 साली, मुंबईत. मधे चाळीस वर्षं शेण, दगड आणि काम. आता सकाळी पक्षप्रवेश होतो आणि दुपारपर्यंत 'महानेता' चौकात वाळत असतो. शाई ओली असतानाच शेजारी दुसरा लागतो.

वाङ्मयाचंही तेच. महाकाव्य म्हणवून घ्यायचं तर काय काय हवं, याची यादी दंडीने 'काव्यादर्शा'त दिली आहे. नायक चतुर आणि उदात्त हवा. नगर, समुद्र, पर्वत, ऋतू, चंद्रोदय, सूर्योदय यांची वर्णनं हवीत. आणि सर्ग फार लांबलचक नकोत. या शेवटच्या अटीवर आमचा रविवारचा महाएपिसोड पहिल्याच फेरीत बाद. त्यात सून दार उघडते. सासू वळते. मग सोफ्यावर, जिन्यावर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा धडका मारतो, दर धडकेला ढगांचा गडगडाट, आणि घरातला शेवटचा माणूस दचकून होईपर्यंत ब्रेक येतो. ब्रेकनंतर सून पुन्हा दार उघडते. एरवी जे पाच दिवसांत घडत नाही, ते रविवारी सलग दोन तास घडत नाही. 'महा' तो तेवढाच. दोन मालिकांची कुटुंबं एकाच लग्नाला आली की त्याला महासंगम म्हणतात. त्यात दचकणारी माणसं दुप्पट.

एवढ्या गर्दीत शब्दाला जागणारं एकच खातं मला दिसतं, ते म्हणजे रेल्वे. मध्य रेल्वे रविवारी मेगाब्लॉक म्हणते, पश्चिम रेल्वे जंबो ब्लॉक म्हणते, आणि दोघी दिलेला शब्द पाळतात. 2024 च्या मे महिन्याअखेरीस ठाण्याच्या फलाटाची रुंदी वाढवण्यासाठी 63 तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा नुसता 'मेगा' अपुरा वाटून वृत्तपत्रांनी त्याला 'महामेगाब्लॉक' म्हटलं. संस्कृतातलं मोठं आणि ग्रीकमधलं मोठं एकमेकांच्या खांद्यावर बसवलं. त्या शब्दाबद्दल कुणीही तक्रार केली नाही. गाड्या खरोखरच बंद होत्या.