काळ्या मातीची परीक्षा

कुक्षीहून आडवाटेने बाघच्या लेण्यांकडे जायचे, तर सायकलीला 21 गिअर आणि पुढे-मागे शॉकअप हवेतच, असा हल्ली समज आहे. परीक्षा अर्थातच दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर होते! तिथे स्वस्तातला शॉकअप झोकात झुलतो. चढावर तोच पायांचा जोर गिळतो, वजन वाढवतो ते वेगळेच. कपाशीच्या काळ्या मातीला गिअर मोजता येत नाहीत. पावसाळ्यात ती टायर आणि फोर्क यांच्यामधली फट बुजवून चाकच अडवते. तेव्हा आधी ती फट पाहावी, मग टायरच्या खाचा. ‘आमची 28 इंची काळी सायकलच बरी होती’ म्हणणाऱ्यांनीही हुरळू नये. ओल्या लोखंडी रिमवर तिचे ब्रेक नुसते आश्वासन देत. डिस्क ब्रेकचे पैसे सार्थकी लागतात. आणि गॉगल आधी, उरल्या पैशांत हेल्मेट, हा क्रम उलटा करा.