आपलं, आमचं आणि तंजावूर : एक अल्प मीमांसा

अधिकारी, विषय, प्रयोजन आणि संबंध हे चार अनुबंध सांगितल्याखेरीज ग्रंथाला हात घालू नये, असा जुना शिष्टाचार आहे. प्रस्तुत ग्रंथाचा अधिकारी म्हणजे बदली होऊन तंजावुरास सात महिने झालेला मनुष्य, अर्थात मी. विषय, त्याच्याकडे पुण्याहून उतरलेला मित्र व वहिनी. प्रयोजन, त्यांना गाव दाखवणं. संबंध दुपारपर्यंत टिकला तर टिकला.

प्रश्न असा, की परक्या गावात मनुष्य रुळला हे कधी म्हणावं? एका मते, गॅसची जोडणी मिळाली की. हे मत टाकाऊ आहे, कारण जोडणी बदलीबरोबर जाते. दुसऱ्या मते, दहीभात मनापासून आवडू लागला की. पण तो पोट बिघडलेल्यालाही आवडतो. आमचा सिद्धान्त : पाहुण्यांसमोर ज्या क्षणी तोंडून 'आमच्याकडे' निघतं, त्या क्षणी.

आता व्याकरण. हिंदीत 'हमारा' एकच. मराठीत मात्र 'आपलं' म्हणजे ऐकणारा धरून, 'आमचं' म्हणजे त्याला वगळून. हा भेद तमिळमध्येही आहे : 'नम्म' म्हणजे तुमचं-माझं, 'एंग' म्हणजे तुम्हाला सोडून आमचं. अर्थात कुणाला दाराबाहेर ठेवायचं याची सोय दोन्ही भाषांनी आधीच करून ठेवलेली आहे, आणि गाव दाखवणं ही मुळात तीच क्रिया होय.

प्रत्यक्ष प्रमाण बृहदीश्वराच्या आवारात मिळालं. राजराज चोळाचं हे देऊळ १०१० साली पुरं झालं. विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, साधारण ६६ मीटर उंच. वेळ जानेवारीतली दुपार. मी सांगितलं, "आमच्याकडे या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही." हे विधान आवारात सर्वत्र विनामूल्य उपलब्ध असतं. मित्र त्या वेळी पाय पोळू नयेत म्हणून नेमका त्या सावलीत उभा होता. त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

वस्तुतः तंजावूर विषुववृत्तापासून जवळजवळ ११ अंश उत्तरेला. एप्रिल आणि ऑगस्टात सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा माध्यान्हीची सावली विमानाच्या अंगातच मुरते. जानेवारीत ती उत्तरेकडे लांब पसरते. हे मला त्या रात्री कागदावर आकृती काढल्यावर समजलं. आवारात त्या क्षणी मात्र मी म्हणालो, "ही बहुधा दुसऱ्या कशाची असेल." गावकऱ्याचं खरं लक्षण माहिती नव्हे, निर्लज्जपणा, हे उपप्रमेय.

खरी अडचण पुढे आली. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजी दुसरे यांनी १८०३ मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, देवनागरीत, चक्क मराठीत. व्यंकोजीराजांच्या वंशाने इथे १८५५ पर्यंत गादी सांभाळली. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीतल्या कागदांचे गठ्ठे आहेत. वहिनी बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागल्या. एक ओळ लागली तशा वळून म्हणाल्या, "भावजी, हे तर आपलंच की!"

मला राग आला. सात महिने मी पाण्याच्या टँकरवाल्याशी मोडकं तमिळ झगडून बोललो, पोंगलला उसाचे दांडे घरी आणले, शेजारच्या पाट्टींकडून, म्हणजे आजींकडून, कोलमचे ठिपके किती ते पाठ केलं. आणि ही बाई गाडीतून उतरून चार तासांत 'आपलं' म्हणते! मी थंडपणे म्हणालो, "हो, आमच्याकडे असं बरंच आहे." मित्र हसला. तो मला शाळेपासून ओळखतो.

जेवताना सांबार आलं. संभाजीराजांवरून नाव पडलं, ही कथा मित्राने सांगायला घेतली. पुरावा नाही, असं मी म्हणणार होतो. पण सावलीचं प्रकरण ताजं होतं, म्हणून आणखी एक वाटी मागवली.

परतताना रिक्षात बसलो. ड्रायव्हरने मान मागे वळवून तिघांना मिळून विचारलं, "एन्द ऊरु?" म्हणजे गाव कोणतं. मित्र माझ्याकडे बघू लागला. मी सावरून बसलो आणि शक्य तितक्या सहज सुरात म्हणालो, "तंजावूर दान." म्हणजे तंजावूरच.

ड्रायव्हरने आरशातून मला नीट न्याहाळलं. मग म्हणाला, "दो सौ."