सोयर आहे, सुतक नाही

माणसाच्या घरात मयत झालं की दहा दिवस सुतक. जन्मात तोंड न पाहिलेला एखादा भाऊबंद गेला तरी देवपूजा थांबते, सणाचा स्वयंपाक राहतो. ही जुनाट पद्धत उद्योगजगताने पाळली असती तर शेअर बाजार वर्षातून किती दिवस उघडा राहिला असता, कोण जाणे. सुदैवाने कंपन्यांचं धर्मशास्त्र निराळं आहे. त्यात वारसा लागतो, सुतक लागत नाही.

हे शास्त्र शिकायचं तर भोपाळचं प्रकरण पोथीसारखं लावून वाचावं. 2-3 डिसेंबर 1984च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे 40 टन मिथिल आयसोसायनेट झोपलेल्या शहरावर पसरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. सुटलेला वायू जाळायच्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता. काटकसरीला नावं कशी ठेवणार? हजारो माणसं मेली आणि प्रश्न आला, जवळचं नातं कुणाचं?

अमेरिकेतल्या आईकडे, म्हणजे मूळ कंपनीकडे, भारतीय लेकीचे 50.9 टक्के शेअर होते. लाभांश येत होता तोवर मायलेकींचं फार गूळपीठ. वायू पसरला आणि लेक एका रात्रीत परक्या घरची झाली. कारखाना ती चालवायची, आमचा काय संबंध? शिवाय कुणा नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, असंही आईने ठासून सांगितलं. 1986 मध्ये अमेरिकी न्यायालयाने हे भांडण तुमच्या घरी नेऊन मिटवा म्हणून भारतात पाठवून दिलं.

अध्यक्ष वॉरन अँडरसन समाचाराला आले होते, हे मात्र मान्य केलं पाहिजे. 7 डिसेंबरला भोपाळात उतरले, अटक झाली, 25,000 रुपयांवर सुटले आणि सरकारी विमानाने दिल्लीला पोचते झाले. पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायची आपली रीतच आहे. पुढे न्यायालयाने त्यांना फरारी घोषित केलं. 2014 मध्ये फ्लोरिडात, वयाच्या 92व्या वर्षी, ते वारले.

भरपाईच्या पैशांचंही तसंच. सरकारने मागितले 3.3 अब्ज डॉलर, 1989 मध्ये तडजोड झाली 47 कोटी डॉलरवर. फौजदारी खटल्याचा निकाल यायला 2010 साल उजाडलं: दोन वर्षांची शिक्षा आणि त्याच दिवशी जामीन.

तोवर घराण्याची वंशावळ बदलली होती. 1994 मध्ये आईने लेकीचे शेअर विकले, लेक नाव बदलून एव्हरेडी झाली. 2001 मध्ये आईने डाऊ केमिकलशी घरोबा केला. डाऊ म्हणते, मयत लग्नाआधीचं, आम्हाला त्याचं काय? तर्क बिनतोड आहे. फक्त लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच कार्बाइडवरच्या अमेरिकेतल्या अ‍ॅस्बेस्टॉस दाव्यांसाठी 2.2 अब्ज डॉलर बाजूला काढले गेले, आणि ते दुखणंही माहेरचंच होतं. बहुधा समुद्र ओलांडला की सुतक आपोआप फिटत असावं.

आमच्याकडच्या काही मंडळींना ही बारीक शास्त्रं कळत नाहीत. चाकणजवळ शिंदे-वासुलीला डाऊ संशोधन केंद्र बांधायला आली, तर गावकरी आणि वारकरी 2008 मध्ये आडवे उभे राहिले. भोपाळचं काय केलंत, हे सांगा म्हणाले. शेवटी प्रकल्प गुंडाळला गेला. टाळ वाजवणाऱ्यांनी कंपनी कायदा वाचलेला नसतो, त्याला इलाज नाही.

दिल्लीला मात्र तो कळतो. वाढीव भरपाईचे 7,844 कोटी रुपये मागणारी केंद्राची याचिका 2023च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्याच वर्षी जनविश्वास कायदा आला. भोपाळनंतर, 1986 मध्ये केलेल्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. तिची जागा आता 10 हजार ते 15 लाख रुपयांच्या दंडाने घेतली. विश्वास जनतेने ठेवायचा आहे, हे नावातच स्पष्ट केलेलं बरं.

उरला कचरा. कारखान्यात चाळीस वर्षं पडून राहिलेला 337 टन विषारी माल 2025च्या जानेवारीत 12 बंद कंटेनरांतून, पोलिसांच्या बंदोबस्तात पीथमपूरला नेला आणि पुढे तिथल्या भट्टीत जाळला. बेवारस प्रेताची क्रिया सरकारी खर्चाने होते, तशीच हीही झाली. चुना वगैरे मिसळल्यामुळे राख मूळ कचऱ्याच्या दुपटीहून जास्त भरली. भोपाळच्या आवारातली माती आणि खालचं पाणी हा आणखी वेगळाच हिशेब. आणि राख पुरायची कुठे, यावरून पीथमपूरकर हैराण झाले. डाऊचं मुख्यालय मिशिगन राज्यातल्या मिडलंडला आहे, आवार चांगलं ऐसपैस आहे म्हणतात. त्या जागेची पाहणी करायला आपला एखादा अधिकारी गेल्याचं मात्र कुठे वाचनात आलं नाही.