मॅच झाली, गाठ पडेना
"घ्या काकू, हवा तेवढा कढीपत्ता तोडा. फक्त आवाज जरा खाली ठेवा, वर भाचा आहे."

"असू दे की. परवा गेटाशी समोर आला, तर मोबाइल कानाला लावून सटकला. फोनबिन काही आला नव्हता हं, मला कळतं तेवढं."

"तेच तर! सांगलीहून ताईने पाठवला तेव्हा म्हणाली, मुखदुर्बळ आहे, सांभाळून घे. पण नुसता लाजरा नाही तो. हॉटेलात डोसा सांगायचा तर आधी मनात घोकतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, सोशल अँग्झायटी. आपलं काहीतरी चुकेल, लोक हसतील, ही धास्ती. बहुतेकांना वयात येतानाच लागते म्हणे."

"आणि असा मुलगा त्या डेटिंग ॲपवर? सुनेच्या ऑफिसातल्या मुलीला दिसला तो. फोटो कुत्र्याचा, मालक कोपऱ्यात अर्धाच!"

"मलाही वाटायचं, तिथे सगळी धीट पोरं. उलटंच आहे, काकू. समोर जाऊन 'कॉफी घेऊ या का' विचारायची ज्याची छाती नाही, त्यालाच ते सोयीचं. दोघांनी एकमेकांचा फोटो उजवीकडे सारल्याशिवाय बोलणं सुरूच होत नाही. म्हणजे तोंडावर नकार नाही. बम्बलवर तर पहिला शब्द मुलीनेच टाकायचा, तोही चोवीस तासांत, नाहीतर मॅच गेली. २०२४ पासून तिला प्रश्न आधीच लिहून ठेवता येतो, मुलगा त्याचं उत्तर देतो."

"मग घोडं कुठे पेंड खातंय?"

"एक 'हाय' लिहायला अर्धी रात्र! लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. तिने वाचलं आणि उत्तर आलं नाही की झोप उडाली. सूर जुळला तर मात्र काय फर्मास लिहितो म्हणता! मग ती म्हणते, भेटू या. की याला ताप येतो, ऑफिसचं काम निघतं, नाहीतर सांगलीची आजी आजारी पडते. माझी आई ठणठणीत आहे हो, पण तिच्या नावावर किती दुखणी लागली, देवाला ठाऊक."

"आमच्या वेळी बरं होतं बाई. पोह्यांची बशी घेऊन यायचं, बोलायचं काम मोठ्यांचं. ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला, 'स्वयंपाक येतो का?' तोही आत्याबाईंनी कोपर मारल्यावर."

"म्हणजे काकासुद्धा?"

"अगं, लग्नकार्याला गेलो की पंगती उठेपर्यंत हे स्कूटरपाशी उभे. बँकेत मी, सोसायटीच्या मीटिंगला मी, लेकीच्या सासरी फोन मी. स्वभावच तसा, म्हणून मी सगळं ओढत आले. पोह्यांनी ह्यांचं लग्न तेवढं जमवून दिलं, बोलणं जन्मभर माझ्या गळ्यात. बरं, डॉक्टरीणबाईंनी उपाय काय सांगितला?"

"टाळलं की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, पण पुढच्या वेळी भीती आणखी फुगून येते. म्हणून थोडंथोडं सामोरं जायचं. त्यांनी कुणा अल्बर्ट एलिसची गोष्ट सांगितली."

"मला विचार! अंजली जोशींचं 'मी अल्बर्ट एलिस' वाचलंय मी. १९३३ साल, हा एकोणीस वर्षांचा, मुलींशी बोलायची दातखीळ. न्यूयॉर्कला ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये रोज जायचं आणि बाकावर एकटी बाई दिसली की बोलायचंच, असा स्वतःलाच दंडक घातला. महिनाभरात १३० जणी! तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलला."

"आणि?"

"एक भेटायला तयार झाली. आलीच नाही!"

"अरे देवा! मग उपयोग काय?"

"भीती गेली ना! एवढ्या नकारांनी आभाळ कोसळलं नाही. पुढे १९५५ मध्ये त्याने स्वतःची उपचारपद्धतीच काढली. आपले ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी सांगतात ना, ती आरईबीटी. पण तुझ्या भाच्याला सांग, सारसबागेत असलं काही करू नकोस. पोलिसांचं दामिनी पथक उचलून नेईल, आणि योग्यच करेल."

"म्हणून तर डॉक्टरबाईंनी त्याला बायका नाही, वाणी दिला. दुकानात जायचं, पाच जिनसांचे भाव विचारायचे आणि काही न घेता परत यायचं. पहिल्या दिवशी दोन किलो साबुदाणा घेऊन आला!"

"तरीच परवा खिचडीचा डबा आला!"

"आता जमतं. शनिवारी एकीला भेटणार आहे. दिवसाढवळ्या, अर्धाच तास. बोलण्याचे मुद्दे मोबाइलवर लिहून न्यायचे नाहीत, ती कुबडी होते म्हणे. आपला आवाज कापतोय का हे तपासत बसायचं नाही, ती काय सांगते तिकडे लक्ष द्यायचं."

"हॉटेल वैशालीत नको म्हणावं. तिथे टेबल कधी सुटतंय म्हणून लोक डोक्यावर उभे असतात."

"हेच म्हणाला तो! दुसरीकडे ठरवलंय. कुठे ते नाही सांगणार मी."

"नको सांगूस. पण काय गं, या वयात ह्यांना लागू पडेल का हे? उद्याचा लेकीच्या सासरचा फोन त्यांनाच लावायला सांगते."

"विहीणबाईंना? एकदम? काकू, आधी वाण्याकडे पाठवा!"